वाफेचं इंजिन जेम्स वॉटने शोधलंच नव्हतं, पण जुनं यंत्र काढून नवं कधी बसवायचं याचा हिशोब त्याने जगाला शिकवला

घरात ९ वॅटचा एलईडी बल्ब असतो आणि शेतात विहिरीवर ५ एचपीची मोटर. आता हे वॅट आणि एचपी दोन्ही एकाच माणसाकडून आलेत. वॅट हे त्याचं आडनाव आणि हॉर्सपॉवर म्हणजे अश्वशक्ती हे त्याने गिऱ्हाईक पटवण्यासाठी रूढ केलेलं माप.

जेम्स वॉट.

शाळेत आपल्याला सांगितलं जातं, की चुलीवरच्या किटलीचं झाकण वाफेने उडताना बघून या पोराला वाफेचं इंजिन सुचलं. ही गोष्ट त्याच्या घरच्यांच्या आठवणीतून पुढे आली आणि जगभर पसरली. अडचण एवढीच, की वॉटचा जन्म १७३६ चा. त्याच्या आधी २४ वर्षं, म्हणजे १७१२ मध्ये थॉमस न्यूकॉमेन नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने इंग्लंडमध्ये डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर वाफेचं इंजिन चालवून दाखवलं होतं. वॉट मोठा होईपर्यंत अशी इंजिनं ब्रिटनभर खाणीतलं पाणी उपसत होती.

मग वॉटने नेमकं काय केलं?

त्याच्यासमोर जो प्रश्न आला तो आजही प्रत्येक घरात येतो. जुनी वस्तू चालतीय. इंधन खातीय, पण चालतीय. ती दुरुस्त करून वापरायची, की काढून नवी आणायची?

स्कॉटलंडमधलं ग्रीनॉक हे क्लाइड नदीच्या मुखाजवळचं बंदर. तिथे वॉटच्या वडिलांचा जहाजांशी संबंधित सगळा धंदा होता. सुतारकाम, जहाजावरची उपकरणं, शिवाय अटलांटिकपलीकडच्या वसाहतींशी व्यापार. त्या काळच्या साखर आणि तंबाखूच्या व्यापारामागे गुलामांचे कष्ट होते आणि वॉट घराणंही त्यापासून लांब नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

पोरगा तब्येतीने किरकोळ. सतत डोकेदुखी. पण हातात हत्यार दिलं की गडी रमायचा. १७५३ मध्ये आई गेली, वडिलांचा धंदा बसत चालला आणि जेम्स उपकरणं बनवायला शिकण्यासाठी लंडनला गेला. रीतसर उमेदवारी सात वर्षांची. याने एका वर्षात उरकली आणि १७५६ ला ग्लासगोत परत आला.

तिथे दुकान टाकायला गेला तर कारागिरांच्या संघाने नकार दिला. सात वर्षांची उमेदवारी नाही, तर दुकान नाही. शेवटी ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारातच खोली दिली. विद्यापीठाची उपकरणं दुरुस्त करायची आणि पोट भरायचं. प्रयोगशाळेचा मेकॅनिकच म्हणा ना.

१७६३ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे एक काम आलं. न्यूकॉमेन इंजिनाचं छोटं मॉडेल, वर्गात मुलांना दाखवायचं. ते लंडनच्या कारागिराकडे पाठवून झालं होतं, तरी नीट चालत नव्हतं. वॉटने ते खोललं, साफ केलं, जोडलं. इंजिन चालू झालं. चार-दोन ठोके पडले आणि बंद पडलं, कारण बॉयलरमधली वाफ संपली.

दुसरा कोणी असता तर मॉडेल लहान आहे म्हणून असं होतंय, असं सांगून बिल लावून मोकळा झाला असता. वॉट मात्र ही वाफ जाते कुठे, या एका प्रश्नावर अडून बसला.

न्यूकॉमेनच्या इंजिनात काय व्हायचं ते बघा. मोठ्या सिलिंडरमध्ये वाफ भरायची. मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं, की आत पोकळी तयार व्हायची आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकलायची. दट्ट्याला जोडलेली तुळई हलायची आणि खाणीतलं पाणी वर यायचं. मग पुन्हा वाफ, पुन्हा थंड पाणी.

म्हणजे प्रत्येक भाकरी झाली की तवा पाण्याखाली धरून गार करायचा आणि पुढच्या भाकरीसाठी परत चुलीवर तापवायचा, असला प्रकार. वॉटने मोजमाप केलं तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक ठोक्याला सुमारे तीन चतुर्थांश वाफ सिलिंडरचं थंड लोखंड पुन्हा गरम करण्यातच वाया जातीय.

याच नादात त्याला अजून एक गोष्ट दिसली. थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सहा पट पाणी उकळीपर्यंत तापवते. हे काय गौडबंगाल म्हणून तो प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्याकडे गेला. ब्लॅक यांनी तोवर त्याचा सिद्धांत मांडलाही होता. आपण शाळेच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हणून वाचतो तो हाच. वाफेचं पाणी होताना ती लपवलेली उष्णता सोडून देते. इंजिनाला हा तोटा होता. पण एखाद्या थंडगार खोलीला? ते पुढे येईलच.

दोन वर्षं डोकं खाजवून झाल्यावर १७६५ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी ग्लासगो ग्रीन या मैदानावर फिरताना त्याला उत्तर सापडलं. वाफ गार करायचीच आहे ना, मग ती सिलिंडरमध्ये कशाला? शेजारी दुसरं भांडं ठेवायचं, ते कायम थंड. सिलिंडर कायम गरम. वाफ एकातून दुसऱ्यात जाऊ द्यायची.

कल्पना म्हणून एवढीच. तिच्यातून चालणारं यंत्र बनवायला मात्र अकरा वर्षं गेली आणि त्या अकरा वर्षांत माणूस पार पिळून निघाला.

अडचण होती सिलिंडरची. त्या काळात अचूक गोल सिलिंडर बनवणारा लोहारच नव्हता. न्यूकॉमेनच्या इंजिनात दट्ट्यावर पाणी ओतून फट बुजवता यायची. वॉटच्या इंजिनात ते चालणार नव्हतं, कारण पाण्याने सिलिंडर पुन्हा गार झाला असता. फटी बुजवायला त्याने तेलकट कागद, बूच, जुन्या टोप्या, इतकंच काय तर घोड्याची लीदही वापरून बघितली. वाफ निसटायचीच.

पैसे संपले. १००० पौंडांचं कर्ज झालं. जॉन रोबक नावाच्या कारखानदाराने ते कर्ज अंगावर घेतलं आणि बदल्यात शोधात दोन तृतीयांश वाटा मागितला. १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण त्याने चूल पेटत नाही. घर चालवायला वॉट कालव्यांच्या मोजणीची कामं घेऊ लागला.

१७७३ मध्ये तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, पावसापाण्यात अशीच मोजणी करत होता. बायको मार्गारेट बाळंतपणात अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तो निघाला, पण पोहोचेपर्यंत ती गेलेली होती. पदरात लहान मुलं, हातात अर्धवट यंत्र. त्याच सुमारास रोबकचंही दिवाळं वाजलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रोबकच्या देणेकऱ्यांमध्ये बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन होता. १२०० पौंडांच्या येण्यापोटी बाकीच्यांना ज्यात काहीच दम वाटत नव्हता तो वॉटच्या पेटंटमधला वाटा त्याने उचलला. १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला आला. तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचं यंत्र बनवणाऱ्या जॉन विल्किन्सनने त्याला हवा तसा सिलिंडर कोरून दिला. १७७५ मध्ये संसदेने पेटंटची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवली आणि १७७६ मध्ये पहिली दोन मोठी इंजिनं चालू झाली. त्यातलं एक टिप्टनजवळच्या कोळशाच्या खाणीत होतं, दुसरं विल्किन्सनच्याच भट्टीवर. त्याच वर्षी वॉटचं ॲन मॅकग्रेगरशी दुसरं लग्नही झालं.

यंत्र तर झालं, पण ते घेणार कोण?

खाणमालकांकडे न्यूकॉमेनची इंजिनं होती. अवाढव्य, खर्चिक, पण वर्षानुवर्षं चालणारी. ती मोडीत काढून एका आजारी, अबोल स्कॉटिश माणसाचं नाजूक यंत्र कशाला घ्यायचं? शिवाय तिसरा पर्यायही होता. जॉन स्मीटन हा त्या काळचा ब्रिटनमधला सगळ्यात नावाजलेला इंजिनिअर. त्याने न्यूकॉमेनचं तत्त्व जराही न बदलता फक्त मापं आणि जोडणी सुधारून जुन्या इंजिनाची ताकद जवळपास दुप्पट केली होती. वॉटचं यंत्र बघितल्यावर त्याचं मत पडलं, की हे अचूक बनवायला ना हत्यारं आहेत ना तसे कारागीर. आणि स्मीटन काही मत्सराने बोलत नव्हता. दहा वर्षं आधी हेच शब्द शंभर टक्के खरे ठरले असते.

इथे बोल्टन आणि वॉटने जी शक्कल लढवली, तिला तोड नाही. इंजिनाचे भाग आणि उभारणीचा खर्च मालकाने करायचा. आम्हाला द्यायचं ते वेगळं. तुमच्या जुन्या इंजिनाला जेवढा कोळसा लागला असता त्यातून आमच्या इंजिनाने जेवढा वाचवला, त्या बचतीचा तिसरा हिस्सा दरवर्षी आमचा. बचत नाही, तर पैसे नाहीत.

हिशोबात वाद नको म्हणून कॉर्नवॉलच्या पोलडाइस खाणीत जुनी न्यूकॉमेन इंजिनं चालवून किती कोळशात किती पाणी निघतं ते आधी मोजलं. मग नव्या इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद डबा बसवला, त्यात ठोके मोजणारं यंत्र. किल्ली वॉटच्या माणसांकडे. आजच्या वीज मीटरच्या सीलसारखंच.

आता यातली गंमत अशी, की एकच यंत्र, एकच अट, पण दोन भागांत दोन वेगळी उत्तरं आली.

कॉर्नवॉलमध्ये तांब्या-कथिलाच्या खोल खाणी होत्या आणि कोळसा अजिबात नव्हता. तो वेल्सहून समुद्रमार्गे यायचा, सोन्याच्या भावाने. १७७७ मध्ये वॉट स्वतः तिथे गेला आणि चेसवॉटरच्या खाणीवर आपलं इंजिन उभं केलं. तिथे स्मीटनचं भलंमोठं, जेमतेम दोन वर्षांचं सुधारित इंजिन आधीच चालू होतं. जुन्या न्यूकॉमेनच्या मानाने वॉटचं इंजिन साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या कोळशात भागवायचं. बघायला आसपासच्या खाणींचे मालक जमायचे. पुढच्या काही वर्षांत कॉर्नवॉलमधली बहुतेक न्यूकॉमेन इंजिनं निघाली. चांगली चालणारीसुद्धा.

आणि कोळशाच्या खाणींवर? तिथल्या बऱ्याच मालकांनी वॉटला नमस्कार करून वाटेला लावलं. कारण तिथे विकला न जाणारा बारीक चुऱ्याचा कोळसा ढिगाने पडून असायचा. तो फुकट जाळता येत असताना बचतीचा हिशोब कुणाला? त्यांनी जुनीच इंजिनं ठेवली, उलट नवी उभारतानाही न्यूकॉमेनचीच उभारली. त्यांना मागासलेले म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या वहीत त्यांचं गणित बरोबर होतं.

ज्यांनी वॉटचं इंजिन घेतलं तेही खूश राहिले असं नाही. पहिली दोन वर्षं बचतीचा आनंद असायचा. नंतर जुनं इंजिन किती कोळसा खायचं हे विसरायला व्हायचं आणि दरवर्षी द्यावा लागणारा तिसरा हिस्सा तेवढा डोळ्यांत खुपायचा. तांब्याचा भाव पडल्यावर तर ओरड वाढली. पैसे थकले, नकला निघाल्या, खटले सुरू झाले आणि ते १७९९ पर्यंत चालले. वॉटला घासाघिशीचा भयंकर तिटकारा. कॉर्नवॉलचं नाव काढलं तरी त्याचं डोकं दुखायला लागायचं.

पुढे इंजिनाने चाक फिरवायला लागल्यावर नवा पेच आला. गिरण्यांमध्ये जुनं इंजिन नव्हतंच, घोडे होते. मग बचत कशाशी मोजायची? वॉटने घोड्याचंच माप घेतलं. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक हॉर्सपॉवर. दर हॉर्सपॉवरला वर्षाला ५ पौंड, लंडनमध्ये ६. गिरणीवाल्याला लगेच कळायचं, किती घोडे विकायचे आणि किती पैसे भरायचे. तीच एचपी आपल्या मोटरवर अजून छापलेली असते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. वॅट हे नाव मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये ठरलं.

आता ती खोली.

१७८४ च्या हिवाळ्यात वॉटने वाफेचा उलटा उपयोग करून बघितला. त्याच्या लिहिण्याच्या खोलीत भयंकर गारठा असायचा. त्याने टिनाचा मुलामा दिलेल्या पत्र्यांची एक चपटी पेटी बनवली आणि बॉयलरमधून नळीने तिच्यात वाफ सोडली. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता खोलीला मिळेल आणि पाणी परत खाली जाईल. इंजिनात जो तोटा त्याने घालवला, तोच इथे कामाला लावला. वाफेवर घर तापवायची कल्पना इंग्लंडमध्ये आधीही मांडली गेली होती, पण वॉटने ती स्वतःच्या खोलीत करून बघितली.

आणि अपेक्षेएवढी खोली तापली नाही! एवढा मोठा माणूस, पण पेटीचा पत्रा चकचकीत होता. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो, हे पुढे १८०४ मध्ये जॉन लेस्लीच्या प्रयोगांनी नीट दाखवलं. ही गोष्ट त्याने आपल्या खोलीपुरतीच ठेवली, पण त्याच्या कंपनीने १७९९ च्या सुमारास सॅलफोर्डच्या कापड गिरणीचा लोखंडी सांगाडा उभारताना आतले खांबच पोकळ ठेवले आणि त्यातून वाफ खेळवून अख्खी गिरणी गरम केली.

पुढच्या शतकात हीच युक्ती अमेरिकेतल्या घरोघरी गेली. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना न्यूयॉर्क-बॉस्टनच्या जुन्या बिल्डिंगमधला, रात्री हातोडा मारल्यासारखा वाजणारा लोखंडी रेडिएटर माहीत असतो. तो आवाज उताराच्या चुकीमुळे नळीत साचलेल्या पाण्यावर वाफ आदळल्याचा. अशा घरांच्या मालकांसमोर आज तेच तीन पर्याय असतात. अख्खी यंत्रणा उखडून गरम पाण्याची किंवा विजेवरची नवी बसवायची, नुसता बॉयलर बदलायचा, की स्मीटनसारखं करायचं. म्हणजे नळ्यांचा उतार सरळ करायचा, हवा बाहेर सोडणाऱ्या तुंबलेल्या झडपा बदलायच्या, तळघरातल्या उघड्या नळ्यांना आवरण चढवायचं. जाणकार मिस्त्री बहुधा हा तिसरा पर्याय आधी करून बघायला सांगतात. कारण तो स्वस्त आहे आणि जुन्या यंत्रणेचं खरं मायलेज तेव्हाच कळतं.

बाकी वॉट स्वतः म्हातारपणी बदलाच्या बाजूने राहिला नाही, हेही खरं. जास्त दाबाच्या वाफेला तो कायम घाबरला. त्याचाच हुशार सहकारी विल्यम मरडॉक वाफेवर चालणाऱ्या गाडीचं मॉडेल बनवत होता, त्याला याने त्यापासून परावृत्त केलं. (मरडॉकने मग १७९२ मध्ये कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळवलं. तोच गॅसचा दिवा १८३४ मध्ये मुंबईत माझगावला अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी आपल्या बंगल्यात लावला.) १८०० मध्ये पेटंट संपल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिकसारख्यांनी जास्त दाबाची छोटी इंजिनं काढली आणि बघता बघता वॉटचं इंजिन ‘जुनं’ झालं. त्याच्या पेटंटने प्रगती पंचवीस वर्षं अडवून धरली, असं म्हणणारे इतिहासकार आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढता येत नाही.

तोवर तो धंद्यातून निवृत्त झाला होता. पैसा आला, पण घर रिकामं होत गेलं. १७९४ मध्ये मुलगी जेसी क्षयाने गेली. त्या धक्क्यात त्याने डॉक्टर थॉमस बेडोज यांना रुग्णांना वायू हुंगवण्याची उपकरणं बनवून दिली, काही उपयोग होतो का बघायला. झाला नाही. १८०४ मध्ये मुलगा ग्रेगरीही त्याच रोगाने गेला.

हँड्सवर्थच्या हीथफिल्ड हाऊसमध्ये माळ्यावर त्याची छोटी खोली होती. तिथे तो पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती कोरणारं यंत्र बनवत बसायचा. जेवायला खाली यायला नको म्हणून शेगडीही वरच ठेवली होती. २५ ऑगस्ट १८१९ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला आणि घरच्यांनी ती खोली कुलूप लावून तशीच ठेवली. १९२४ मध्ये आतल्या आठ हजारांहून जास्त वस्तू लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवल्या आणि खोली जशीच्या तशी पुन्हा उभी केली.

त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत, म्हणजे १९२३ पर्यंत, यॉर्कशायरमधल्या एल्सेकार इथल्या कोळशाच्या खाणीवर पाणी उपसायला एक इंजिन चालू होतं. १७९५ मध्ये, वॉटच्या इंजिनाचा बोलबाला असताना मालकाने ते बसवलं होतं. न्यूकॉमेनचं.